पानावर आडवा हात

समोरचा 'नको' म्हणतोय, हे मराठी माणसाला दोन ठिकाणी ऐकू येत नाही. एक, पंगतीत जिलबी वाढताना आणि दुसरं, स्वतःला आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलताना. त्यातल्या त्यात जिलबीचं बरं आहे, तिचे शिष्टाचार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. वाढपी परात घेऊन आला की जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरायचा. वाढप्याने 'एकच' म्हणायचं. जेवणाऱ्याने आणखी पुढे वाकून जवळजवळ पानावर ओणवं व्हायचं. मग यजमानांनी मागून येऊन 'अहो, एकीनं काय होतंय' म्हणायचं आणि बोटांच्या फटीतून एक जिलबी पानात पडायचीच. सगळ्यांची अब्रू राहते. पुस्तकाच्या आग्रहाला मात्र असा आडवा हात आपण अजून शोधलेला नाही. 'तू अमुक वाचलंस का?' असं कुणी विचारलं की सुटकेच्या दोन्ही वाटा बंद. 'नाही' म्हणावं तर 'काऽय सांगतोस!' असा उद्गार निघतो, त्यात आश्चर्य कमी आणि सांत्वन जास्त असतं, आणि पाठोपाठ कथानक, पात्रपरिचय आणि शेवट ओळीने वाढले जातात. 'हो' म्हणावं तर तोंडी परीक्षा सुरू होते: 'मग तो नदीकाठचा प्रसंग?' नदीकाठचा प्रसंग नसलेली मराठी कादंबरी विरळा, म्हणून 'अहाहा' म्हणून वेळ मारून नेता येते. पण परीक्षक कसलेला असेल तर तो मुद्दाम नसलेला प्रसंग विचारतो.

गरज पडली की भाषा वाट काढते. न वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलायला मराठीत जितक्या सोयी आहेत, तितक्या वाचलेल्या पुस्तकाविषयी नाहीत. 'चाळलंय' म्हणजे पानं पंख्यासारखी फर्रकन सोडून अंगावर वारा घेतलाय. 'बघितलंय' म्हणजे दुकानात. 'यादीत आहे' म्हणजे विसरायला अधिकृत परवानगी मिळाली आहे. 'आमच्याकडे आहे ते' हे उत्तर तर अभ्यासण्यासारखं आहे. त्यात मालकी हाच वाचनाचा पुरावा म्हणून दाखल केलेला असतो. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे जमीन कसलीच पाहिजे असं थोडंच आहे! पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'वाचायला घेतलंय'. यात खोटं काहीच नाही. पुस्तक घेतलेलं असतं आणि ते वाचायलाच घेतलेलं असतं. माणसं पंधरा-पंधरा वर्षं एकाच पुस्तकाच्या बत्तिसाव्या पानावर 'वाचायला घेतलंय' या अवस्थेत सुखाने नांदतात. ज्या समाजाने शब्दांची एवढी तटबंदी उभारली, त्याच्यावर हल्ला केवढा होत असेल, हे वेगळं सांगायला नको. माझं म्हणणं असं की हा हल्ला फुकट आहे. पुस्तक सांगितल्याने वाचलं जात नाही, नजरेस पडल्याने वाचलं जातं. आणि शिफारस जितकी तोंडाळ, तितका पुस्तकाचा कपाटातला मुक्काम लांबतो.

आधी शब्दच बघा. पुस्तकाची आपण 'शिफारस' करतो. हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत आल्यावर त्याने मुक्काम टाकला तो कचेरीत. शिफारसपत्र, शिफारशीचा उमेदवार, समितीच्या शिफारशी अशा मंडळींत तो वाढला, आणि वशिला त्याचा सख्खा नसला तरी मावसभाऊ तरी आहेच. ज्याची शिफारस करावी लागते तो स्वतःच्या गुणांवर आत जाणार नाही, असा संशय मराठी कानाला आपोआप येतो. त्यात भर 'च'ची. 'वाच' ही आज्ञा झाली, 'वाचच' ही ताकीद, 'वाचायलाच हवं' हे कलम, आणि 'हे वाचलं नसशील तर तू काहीच वाचलं नाहीस' ही थेट शिक्षा. तीही आजवरच्या सगळ्या वाचनाला पूर्वलक्षी प्रभावाने लागू. याउलट 'वाचून बघ' या दोन शब्दांत किती मोकळीक आहे! आमटीत मीठ बघ म्हणावं, तसं ते म्हणणं. एक थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, पटलं नाही तर सांगायचं. 'बघ'मधली ही थेंबाची मुभा 'वाचच'मध्ये नाही. तिथे अख्खं पातेलं संपवायचं असतं.

हा आग्रह नेमका कुणासाठी असतो, याचं उत्तरही पंगतीतच मिळतं. जिलबीचा आग्रह करणाऱ्याला जेवणाऱ्याच्या भुकेशी कर्तव्य नसतं, त्याला आपल्या घरचं कार्य कसं झालं याची पावती हवी असते. पुस्तकाचा आग्रह करणाऱ्यालाही तुमच्या वाचनाशी कर्तव्य नसतं. ते पुस्तक वाचताना त्याला जे झालं, ते पुन्हा कुणाला तरी होताना त्याला बघायचं असतं. म्हणून तो नुसतं पुस्तक देऊन जात नाही, त्याच्याबरोबर येतो. 'कुठवर आलं?' विचारतो. 'अजून वाड्याला आग लागली नाही? मग मी काही बोलत नाही,' असं म्हणतो आणि बोलतो. शेवटी 'कसं वाटलं?' हा प्रश्न येतो, पण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि 'बरं आहे' हे ते नसतं. 'बरं आहे' याइतकी क्रूर समीक्षा मराठीत दुसरी नाही. 'भाजी बरी झालीय' म्हटल्यावर स्वयंपाकघरातून जी शांतता ऐकू येते, तीच इथेही पसरते. म्हणून शहाणा माणूस दुसऱ्या खेपेला कादंबरीऐवजी मलपृष्ठ वाचतो आणि 'अंतर्मुख करणारं आहे' असं सांगून मोकळा होतो. अंतर्मुख झालेल्या माणसाला पुढचे प्रश्न विचारायची पद्धत नाही.

बरं, सुचवतात तरी काय? कुठल्याही चार मराठी वाचकांना आवडती पुस्तकं विचारा, चौघांच्या याद्या एकमेकींवर ठेवून कातरल्यासारख्या निघतात. 'बटाट्याची चाळ' 1958, 'ययाति' 1959, 'स्वामी' 1962, 'कोसला' 1963, 'मृत्युंजय' 1967. पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकात अंतर नऊ वर्षांचं. एका बाजूला 1935 ची 'श्यामची आई' आणि दुसऱ्या बाजूला 1981 चा 'एक होता कार्व्हर' असे दोन तक्के लावले की बैठक सजली. या पुस्तकांच्या थोरवीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की मराठी माणसाला 'मृत्युंजय' सुचवणं म्हणजे 'एकदा वरणभात खाऊन बघा, वर साजूक तूप घ्या, आवडेल तुम्हाला' असं सांगणं. ज्याला वाचायचं होतं त्याने ते कधीच वाचलं; ज्याने वाचलं नाही त्याने तुमच्याआधी चाळीस वाढप्यांना परतवलेलं आहे. यावर कुणी म्हणेल, थोर पुस्तकं प्रत्येक पिढीला नव्याने सांगावीच लागतात. मान्य. पण मग सांगणारा काय सांगतो तेही ऐका. 'ययाति' सुचवणारा 1974 च्या ज्ञानपीठाचं सांगतो. 'कोसला' सुचवणारा आपण ती कितव्या वर्षी, कुठल्या वसतिगृहात, कुणाच्या खाटेवर पडून वाचली ते सांगतो आणि पुढचा अर्धा तास तिच्यातल्यासारखंच दर वाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पेरत बोलतो. एकाने पुस्तकाचं प्रमाणपत्र दाखवलं, दुसऱ्याने स्वतःची कुंडली मांडली. पुस्तकात काय आहे, ते दोघांकडूनही कळत नाही.

आता उलटा पुरावा बघू. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक महाराष्ट्रभर फिरले, आणि या हजारांतल्या एकाही पुस्तकाची शिफारस कुठल्या वडीलधाऱ्याने कुठल्या मुलाला केल्याचं ऐकिवात नाही. शिफारस कसली, जप्ती व्हायची. तरी ती भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात बसून वाचली गेली, आणि घरोघरच्या पालकांना मुलांच्या भूगोलप्रेमाचं कौतुक वाटत राहिलं. बाबा कदम, गुरुनाथ नाईक, नारायण धारप यांच्या वाचनालयातल्या प्रतींचे कोपरे हाताळून हाताळून गोल व्हायचे, पण 'माझी आवडती पुस्तकं' म्हटल्यावर ही नावं कुणाच्या जिभेवर येत नाहीत. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेची हकिकत तर कायद्याच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात ती आली, अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तो चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे दिवाळीचा फराळ संपून सात वर्षं झाली तरी वकील, साक्षीदार आणि खालपासून वरपर्यंतचे न्यायाधीश त्या अंकातली एक कथा ओळ न् ओळ वाचत होते. इतक्या निगुतीने वाचली गेलेली दिवाळी अंकातली दुसरी कथा दाखवा. 'ललित' मासिक 1964 मध्ये निघालं ते नव्या पुस्तकांची ओळख वाचकांना व्हावी म्हणून, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यातला ठणठणपाळ, म्हणजे जयवंत दळवी, ज्यांनी लेखकांच्या टोप्या उडवल्या. स्तुतीने पुस्तकाचं नाव कळतं. टिंगलीने 'एवढं काय आहे बुवा त्यात' असं वाटतं.

अर्थात जप्ती, खटला आणि टिंगल हे काही वाचनप्रसाराचे मार्ग म्हणून सरकारदरबारी सुचवता येणार नाहीत. पण या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे: 'हे तुझ्या भल्याचं आहे' असं सांगायला वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये कुणी बसलेलं नव्हतं. हेच दृश्य कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात रोज संध्याकाळी फुकट बघायला मिळतं. आपल्याकडची वाचनालयं आजची नाहीत. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. तिथे विषयवार कपाटं असतात, 'नवीन दाखल पुस्तके' असा खडूने लिहिलेला फळा असतो, गाजलेली पुस्तकं काचेच्या पेटीत कुलूप लावून वाचकांपासून सुरक्षित ठेवलेली असतात. आणि सभासद जातो कुठे? काउंटरच्या कोपऱ्यात आत्ताच परत आलेल्या पुस्तकांचा जो वेडावाकडा ढीग असतो, तिथे. 'अहो, त्यांची जमा व्हायचीय अजून,' असं पलीकडून कर्मचारी ओरडत असतात, तरी तिघे-चौघे त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभे असतात. तेच पुस्तक उद्या कपाटात गेलं की त्याला कुणी विचारत नाही. कपाटातलं पुस्तक नुसतं पुस्तक असतं. ढिगातलं पुस्तक कुणाच्या तरी घरी आठवडाभर राहून आलेलं असतं.

ढिगातून पुस्तक हाती लागलं की मुरलेला सभासद लेखकाचं मनोगत वाचत नाही, तारखांची चिठ्ठी बघतो. जांभळ्या शाईचे शिक्के, काही उलटे, काही एकमेकांच्या डोक्यावर, एखादा घाईत नुसता महिनाच उमटलेला. शिक्के दाटीवाटीने असतील तर पुस्तक बगलेत जातं. 2009 नंतर एकदम 2017 असेल तर ते मुकाट्याने ढिगात परत जातं. मग पानं. त्रेसष्टाव्या पानावर कपाच्या बुडाचा चहाचा गोल आहे. म्हणजे त्या वाचकाला तिथे कप ठेवायला दुसरी जागा बघायचंही भान नव्हतं. एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ आहे आणि रेघेशेजारी दुसऱ्याच अक्षरात 'काहीही!' असं लिहिलंय. शेवटच्या पानावर बसचं तिकीट आहे, म्हणजे कुणीतरी शेवटपर्यंत पोचलंय. एवढ्या साक्षी निघाल्या, आणि यात कुणी कुणाला 'वाचच' म्हणालेलं नाही. लोकलमध्ये हाच कायदा चालतो. शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात मान वाकडी करून डोकावणारा माणूस तोच अंक सकाळी घरी न उघडता टाकून आलेला असतो. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम 1931 मध्ये मांडणाऱ्या रंगनाथन यांनी प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असं सांगितलं. त्यातला 'त्याचं' हा शब्द वाचकाकडे बोट दाखवतो, सुचवणाऱ्याकडे नाही. शिवाय वाचकाचा वेळ वाचवा असाही त्यांचा एक नियम आहे. तो आपण 'अरे, थोडक्यात सांगतो' असं म्हणून मोडतो.

यावर पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ढिगात यायला पुस्तक आधी कुणीतरी न्यावं लागतं. सांगणारंच कुणी नसेल तर नव्या, अनोळखी लेखकाने जायचं कुठे? दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आलं, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' 1980 मध्ये. ही पुस्तकं लोकांपर्यंत गेली ती कुणीतरी ती आवर्जून नेली म्हणूनच ना? बरोबर, पण 'नेली' या क्रियापदावर बोट ठेवा. ही दोन्ही पुस्तकं काढणाऱ्या 'ग्रंथाली'ने वाचकांची चळवळ म्हणून जे केलं, ते पुस्तकं गावोगाव नेऊन लोकांपुढे मांडण्याचं काम होतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी फिरते, आणि ती महाराष्ट्र ओलांडून दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी घरांतही गेली आहे. पेटी बोलत नाही, कुठवर आलं विचारत नाही. ती येते, लोक तिच्याभोवती जमतात, आणि ठरलेल्या दिवशी ती पुढच्यांकडे जाते. 2017 मध्ये महाबळेश्वराजवळच्या भिलारला पुस्तकांचं गाव झालं ते वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून. तिथे स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरांतच पुस्तकं मांडली. स्ट्रॉबेरी खायला आलेला माणूस हात पुसून पुस्तक उचलतो. उचलत नसेल तर स्ट्रॉबेरी खातो. दोन्हीत कुणाचा अपमान होत नाही.

'मग पुस्तक भेट देणं तरी तुमच्या सिद्धांतात बसेल,' असं कुणी म्हणेल. ते बसत नाही. भेट म्हणजे रंगीत कागदात गुंडाळलेला आग्रहच. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं उलटून बघा. पहिल्या पानावर झोकदार अक्षरात 'सप्रेम भेट', खाली तारीख, वळणदार सही. आणि आत पानं अशी कडक की उलटताना छापखान्याचा वास अजून येतो. पेटीतल्या पुस्तकाला परतीची तारीख असते, म्हणून ते आज वाचलं जातं. भेटीच्या पुस्तकाला आयुष्य पडलेलं असतं, म्हणून ते आयुष्यभर पडून राहतं. जुन्या काळी पोथीची नक्कल करणारे लेखनिक शेवटी एक विनवणी लिहीत: हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. त्यांनी महिनोन्‌महिने बसून हाताने लिहिलेलं, म्हणून ते वाचक पारखून घेत. आपण पुस्तक पाचशे रुपयांना विकत घेतो आणि वाचकाच्या मागे धावतो.

दुसरा आक्षेप मुलांबद्दलचा असतो. मोठ्यांवर सक्ती नको, पण मुलांना सांगायला नको का, संस्कार कसे होणार? इथे 'श्यामची आई'चंच उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची रचना बघा: प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. आश्रमातली मित्रमंडळी जमतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो. बेचाळीस रात्रींत तो कुणाला पुस्तक वाचायला सांगत नाही. तरी लोक दुसऱ्या रात्री पुन्हा येतात, कारण काल काहीतरी ऐकलेलं असतं. आणि अशा या पुस्तकाचं आपण काय केलं? शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून दिलं, मुंजीत दिलं, सुट्टीत 'मोबाइल ठेव आणि हे वाच' असं म्हणून दिलं. जे ऐकायला माणसं आपण होऊन गोळा होत होती, ते हातात देऊन आपण मुलाला एकट्याला खोलीत बसवलं. मूल ते उघडून झोपी गेलं तर दोष मुलाचा नाही, साने गुरुजींचा तर नाहीच.

तिसरा आक्षेप सगळ्यात आपुलकीचा आहे. 'म्हणजे वाचलेलं कुणाला सांगायचंच नाही? मग वाचनाची मजा ती काय?' सांगायचं ना, जरूर सांगायचं. पण पुस्तक सांगणं आणि पुस्तकातलं सांगणं यात पंगतीतला आग्रह आणि स्वयंपाकघरातून येणारा वास यांच्याइतका फरक आहे. गुलामीत जन्मलेल्या एका माणसाने शेंगदाण्यापासून काय काय करून दाखवलं, हे कुणी शेंगदाणे सोलता सोलता सांगावं. किंवा असं सांगावं: एक बाई होती, तिच्या वडलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं धान्यही धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, अशा घरची ही मुलगी, आणि 1895 मध्ये नवऱ्याने उठून ख्रिस्ती धर्म घेतला, मग तिने काय केलं असेल? एवढं बोलून सांगणाऱ्याने चहाचा घोट घ्यावा. एवढ्यात समोरचा विचारतो, 'मग? काय केलं तिनं? कुणाचं पुस्तक हे?' हा प्रश्न त्याच्याकडून येईपर्यंत नाव सांगायचं नाही. पुस्तकाचं नाव ऐकणाऱ्याने विचारायचं असतं. त्याने विचारलं नाही, तर गोष्ट चांगली सांगता आली नाही असं समजावं किंवा त्याला बस पकडायची आहे असं समजावं. दोन्ही वेळा पुस्तकाचं नाव घेऊन उपयोग नसतो. हल्ली यंत्रंही सुचवू लागली आहेत: तुम्ही हे घेतलंत, तर हेही आवडेल. पण यंत्राला गोष्ट अर्ध्यात थांबवून चहाचा घोट घेता येत नाही. त्याचं सुचवणं वाढप्याचंच, फरक इतकाच की त्याची परात कधी रिकामी होत नाही.

शेवटचा आक्षेप माझ्यावरच येणार, हे उघड आहे. आग्रह करू नका असं तीन-चार पानं सांगणं हाही आग्रहच की! शिवाय या लेखात आठ-दहा पुस्तकांची नावं येऊन गेली. त्यावर माझी बाजू एवढीच की त्यातलं एकही वाचा असं मी म्हटलेलं नाही. काही नावं तर 'नका सुचवू' असं सांगतानाच घेतली, आणि बंदीचा परिणाम काय होतो ते वर दिलंच आहे. सिद्धांत पक्का आहे, पुराव्याने शाबीत झालेला आहे, आणि माझ्यापुरता मी तो पाळणारच आहे. फक्त त्या सोवळ्यातल्या घरच्या मुलीचं नाव सांगायचं राहिलं, ते मनाला लागून राहतं. तुम्ही विचारलेलं नाही, हे ठाऊक आहे मला. तेव्हा एकच. अगदी एकच. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. अहो, एकीनं काय होतंय, हात काढा तो पानावरचा!